पूर्वेच्या भिंतीवरचे अश्रू

"रडली! पेटका माय रडली!"

स्तामेना आजीने अशी आरोळी ठोकली की दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसलेली, उभी असलेली, भिंतीला टेकून खोकणारी सगळी मंडळी पूर्वेच्या भिंतीकडे लोटली. संत पेटकेच्या तसबिरीच्या काचेवर, बरोबर दोन्ही डोळ्यांखालून, पाणी ओघळत होतं. बाकीची काच स्वच्छ. बाहेर तिमोक नदी काठाला गोठलेली. आत खच्चून गर्दी, पेटत्या मेणबत्त्या आणि घट्ट लावलेल्या खिडक्या.

"ढकलाढकली नको, लेकरांनो! माय सगळ्यांना पुरेल!" सोफ्रोनिये बुवा कापसाच्या बोळ्याने थेंब टिपत होता आणि तोच बोळा एकामागून एक ओठांवर फिरवत होता. हा स्वतःला भिक्षू म्हणवी; कुठल्या मठातला, असं विचारलं की डोळे मिटून घेई. "जितकी भक्ती, तितके अश्रू! जवळ या, तोंड उघडून मोठ्याने म्हणा! आणि खिडकीला हात कोण लावतंय? मायेला झोत सोसत नाही!"

झोताचं नाव निघालं की विषय संपला. त्या गावातली माणसं तोफेला भ्यायची नाहीत, पण समोरासमोरच्या खिडक्यांतून येणाऱ्या वाऱ्याला भ्यायची. मान आखडली, दाढ ठणकली, जावई पळून गेला, सगळं त्या झोतानेच.

डॉक्टर रुझित्सा तपासणीच्या खोलीच्या दारात उभी राहून हे बघत होती. तिने कधी कुणाला हटकलं नव्हतं. उलट एकदा तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढून तिनेही सगळ्यांदेखत त्या काचेला ओठ लावले होते. एरवी दवाखान्याकडे न फिरकणारी माणसं तसबिरीमुळे येत होती, जाताजाता रक्तदाब तपासून घेत होती, तिला 'आमची डॉक्टर' म्हणत होती. ते तिला गोड लागलं होतं.

तसबिरीच्या बाजूला थेट बाहेरून आत येणारं एक दार होतं. ताप आणि पुरळ असणाऱ्यांनी गर्दीत न बसता तिथून थेट वेगळ्या खोलीत जावं, अशी पाटी तिनेच लावलेली. आता त्या दाराला मेणबत्त्यांचं टेबल आडवं होतं आणि वेगळ्या खोलीत बुवाचा कोट, बूट आणि ऐन उपासाच्या दिवसांतलं सॉसेज.

गर्दीतून वाट काढत तियाना पुढे आली. सात महिन्यांच्या रेल्याची आई. आज कडेवर रेल्या नव्हता.

"डॉक्टरबाई, रेल्याला गोवर झालाय. जिल्ह्याच्या इस्पितळात नळीने प्राणवायू देतायत." तिचा आवाज अगदी सपाट होता. "तिथे विचारलं, पुरळ आलेलं कोणी भेटलं होतं का. मी म्हटलं, आम्ही या थंडीत घराबाहेर पडलोच नाही. एकदाच पडलो. तुमच्याकडे, वजन करायला."

रुझित्साला तो दिवस आठवला. त्या दिवशी याच खोलीत लाल डोळ्यांची एक मुलगी खोकत बसली होती. तिचा नंबर आल्यावर रुझित्साने गोवर ओळखला, वर कळवलाही. पण तोवर खोलीत कोण कोण बसलं होतं, हे तिने शोधलंच नाही. शोधलं असतं तर तसबिरीपुढची गर्दी मोडावी लागली असती. आणि रेल्याचं गोवराची लस घेण्याचं वय अजून झालेलं नव्हतं.

"तो बोळा मी त्याच्याही ओठांना लावून घेतला," तियाना म्हणाली. "तुम्ही इथेच उभ्या होतात. हसत होतात. मला वाटलं, डॉक्टर बघतेय म्हणजे चांगलंच असणार."

शरमेने रुझित्साचे कान तापले.

दुपारी खोली रिकामी झाल्यावर ती तसबिरीपाशी गेली. काचेवरून बोट फिरवलं तर बोट घसरलं. डोळ्यांखालच्या दोन रेघांवर मात्र घसरलं नाही. तिने हात नळाखाली धरला आणि बोटाला फेस आला. साबण! पट्टी बांधून काम करताना चष्म्यावर वाफ धरू नये म्हणून तिने स्वतः कितीदा काचांना साबण चोळला होता. तसबीर गार पडलेल्या बाहेरच्या भिंतीवर. माणसांची वाफ काचेवर धरे. साबणावर ती पसरून दिसेनाशी होई, बिनसाबणाच्या रेघांवर थेंब होऊन ओघळे. अन् खिडक्यांच्या काचा तर सगळा हिवाळा रडत होत्या. त्यांच्यापुढे कुणी मेणबत्ती लावली नव्हती. ती स्वतः त्या बाहीने पुसत आली होती.

दुसऱ्या दिवशी पेटकेशेजारी आणखी एक तसबीर टांगलेली दिसली. पदवी घेतलेल्या तरुण रुझित्साची.

"काय डॉक्टरबाई, स्वतःलाच संत करून घेताय?" बुवा खोटं खोटं हसला.

"जरा दम धरा, बुवा. गर्दी जमू द्या."

गर्दी जमली, खिडक्या लागल्या, प्रार्थना चढली. आणि स्तामेना आजी किंचाळली, "अगं बया! डॉक्टरीणसुद्धा रडायला लागली!"

एका म्हाताऱ्याने टोपी काढून तिच्या फोटोपुढे छातीवर क्रूसाची खूण केली. फोटोला ओठ लावायला तो वाकला, तेव्हा रुझित्साने त्याला दंडाला धरून थांबवलं.

"साबण आहे, बाबा. काल मीच लावला, डोळ्यांखालच्या रेघा सोडून. आणि हे पाणी तुमच्या आमच्या तोंडातलं आहे. खोकणाऱ्याची वाफ काचेवर धरते आणि बुवा ती तुमच्या ओठांना लावतात. जी ओठांना लागत नाही, ती हवेतून श्वासाबरोबर आत जाते." तिने खिडक्या सताड उघडल्या.

"झोत! झोत!" एकच कालवा झाला. माणसं गळपट्ट्यांत माना खुपसू लागली. बघता बघता दोन्ही तसबिरी सुकल्या.

"पाहा! मायेने तोंड फिरवलं!" बुवा ओरडला.

स्तामेना आजीने पेटकेच्या काचेवर बोट घासून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "मेल्या, जन्मभर धुणी धुतली मी! माझ्या मायेच्या तोंडाला साबण फासतोस?"

बुवाने वेगळ्या खोलीतून कोट उचलला, टेबल सरकवलं आणि बाजूच्या दाराने पोबारा केला. कित्येक आठवड्यांत त्या दाराचा तेवढाच उपयोग झाला.

लोक हसले. रुझित्साला हसू आलं नाही.

"हसू नका," ती म्हणाली. "बुवा लबाड होता, पण हवेतून गोवर कसा पसरतो हे त्याला कुठे ठाऊक होतं? मला ठाऊक होतं. आणि मी गप्प बसले, कारण तुम्ही मला बरं म्हणत होतात. पेटकेला हात जोडा, मी आड येणार नाही. पण खिडकी उघडी ठेवा, ताप-पुरळ असेल तर बाजूच्या दाराने या, आणि डॉक्टर समोर उभी आहे म्हणून डोळे मिटू नका. विचारा. मलाही विचारा."

आजीने पेटकेची काच स्वच्छ पाण्याने धुतली आणि तसबीर चर्चमध्ये नेऊन ठेवली. जाताना विचारलं, "पोरी, तुझा फोटो काढू का गं खाली?"

"राहू दे, आजी. त्याला रडायला कारण आहे."

रेल्या वाचला. वसंतात घरी आला, पुन्हा बाळसं धरू लागला. दवाखान्याच्या खिडक्या आता भर थंडीतही उघड्या असतात आणि बाजूचं दार मोकळं असतं. तियाना मात्र रेल्याला घेऊन या दवाखान्यावरून पुढे जाते आणि शेजारच्या गावच्या डॉक्टरकडे वजन करून आणते. उघड्या खिडकीतून रुझित्साला ती जाताना दिसते.