कवळीवाल्यांची करवत

कवळीवाल्यांना आपल्या साडूचा तिटकारा होता, आणि तो त्यांनी इतकी वर्षं इतक्या निगुतीनं जोपासला होता, की तेवढी निगा कुणी कुंडीतल्या रोपाचीही राखली नसती. साडूचं हसणं त्यांना खपत नसे. साडूचे टोकदार बूट खपत नसत. चहाचा शेवटचा घोट साडू तोंडात खुळखुळवून मग गिळे, तेव्हा तर कवळीवाले उठून खिडकीशी जात. पण खरा राग होता तो साडूच्या धंद्यावर. साडूचं यंत्रांचं दुकान होतं. गवत कापायची, भिंतीला भोकं पाडायची, पानं उडवायची, सगळी चकचकीत, बॅटरीवर चालणारी यंत्रं.

"यंत्रं कसली, खेळणी आहेत ती," कवळीवाले बायकोला सांगत. "बिघडलं की फेका. दुरुस्त करायची अक्कल विकणाऱ्याला नाही आणि घेणाऱ्यालाही नाही."

ते स्वतः दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देत. घराच्या मागच्या खोलीत, एका दिव्याखाली, आयुष्यभर ते दुसऱ्यांचे दात घासत बसले होते. डॉक्टरांविषयीही त्यांचं मत काही फार बरं नव्हतं. कवळी टोचली की डॉक्टर म्हणत कवळी चुकली, आणि कवळीवाले म्हणत जबडा चुकला. कवळी चुकली असं त्यांनी आजवर एकदाही कबूल केलेलं नव्हतं.

दोघी बहिणींची घरं शेजारी शेजारी होती आणि मागचं अंगण एकच. सासऱ्यांनी तसंच ठेवलं होतं. त्या अंगणात सासऱ्यांच्या हातची तुती होती. झाड आडवंतिडवं वाढलेलं, खालच्या दोन फांद्या वाळून खडखडीत झालेल्या, त्यातली एक साडूच्या पत्र्यावर टेकून वाऱ्याबरोबर रात्रंदिवस करकरणारी. शिवाय फळं पिकली की साडूच्या पांढऱ्या व्हॅनवर जांभळे डाग. साडूनं एक दिवस जाहीर करून टाकलं, "मी ठेकेदाराशी बोललोय. रविवारी येतो, झाड मुळासकट काढतो, लाकूड घेऊन जातो. आपल्याला कटकट नाही."

"वाळकं तेवढं काढा ना," कवळीवाल्यांची बायको म्हणाली. "बाबांनी लावलंय ते."

"वहिनी, दोन फांद्यांसाठी कोण येतंय? तो आख्खं झाड मिळणार म्हणून येतोय."

धाकटी बहीण नवऱ्याच्या बाजूला उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती. कवळीवाल्यांची बायको मात्र नवऱ्याकडे वळली. "अहो, तुम्ही तरी काही करा."

लग्नाला जन्म लोटला होता, पण बहिणीसमोर तिनं त्यांच्याकडे काही मागितल्याचं कवळीवाल्यांना आठवत नव्हतं. त्यांनी छाती पुढे काढली. "फांद्या मी कापतो."

"कशानं? कवळीनं?" साडू हसला. मग जरा मऊ होऊन म्हणाला, "थट्टा केली हो. दुकानातून एक चेनसॉ आणून देऊ का? वापरा आणि परत द्या."

"खेळण्यांनी झाडं कापत नसतात."

"बरं, बरं. रविवारच्या आत वाळकं निघालं तर ठेकेदाराला नको म्हणून सांगतो. माझा शब्द. नाही निघालं, तर मग मध्ये यायचं नाही. वहिनी, तुम्हीसुद्धा."

"ठरलं," बायको म्हणाली, आणि आत निघून गेली.

कवळीवाल्यांनी जुनी चेनसॉ शोधून काढली ती एका मेलेल्या सुताराच्या घरी. सुताराची सून गॅरेज रिकामं करत होती. तिनं ती करवत मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांनी दाखवली. नारिंगी रंग उडालेला, अंग सगळं धातूचं, वजन एखाद्या शिलाई मशीनएवढं, आणि सगळ्या फटींत भुसा आणि तेल यांचा काळा गच्च लगदा. कवळीवाल्यांनी दोरी ओढली. दोरी हातात आली.

"बंद आहे हो," सून म्हणाली. "सासरे म्हणायचे, चालू झाली तर नवी साखळी घाला. ही म्हणे संपलीये."

कवळीवाल्यांनी साखळी बोटांवर घेतली. दात बोथट होते, पण शिल्लक होते. संपलीये म्हणे! लोकांना सगळं संपलेलंच दिसतं. त्यांनी मनातल्या मनात त्या मेलेल्या सुतारालाही साडूच्या रांगेत नेऊन बसवलं, फारशी घासाघीस न करता करवत घेतली आणि पोत्यात गुंडाळून घरी आणली.

पुढचे दिवस ते सुखात होते. कवळ्यांची कामं त्यांनी बाजूला सारली. करवतीचा स्क्रू न् स्क्रू काढून रॉकेलमध्ये बुडवला. हवेच्या जाळीतला लगदा दात घासायच्या ब्रशनं काढला. कार्बुरेटरमधला रबरी पडदा वाळून पापडासारखा झाला होता. त्याच मापाचा पडदा त्यांनी स्वतः कापून बसवला. पेट्रोलची नळी बदलली, प्लग घासला, दोरी नवी ओवली. साखळीला तेल पुरवणारं भोक बुजलं होतं, ते दाताच्या मुळात घालतात तसल्या बारीक सुईनं मोकळं केलं. पेट्रोलमध्ये तेल किती मिसळायचं हे बाजारातल्या कुणालाही न विचारता त्यांना ठाऊक होतं, कारण तरुणपणी त्यांच्याकडे तसली स्कूटर होती.

साडू एकदा डोकावला. "साडूभाऊ, व्हिडिओ बघा हो. दहा मिनिटांत सगळं दाखवतात. साखळीला धार कशी लावायची, सगळं."

"धार लावायला मला शिकवणार?"

"तसं नाही, पण साखळीचं जरा वेगळं असतं..."

"दात ते दात," कवळीवाले म्हणाले आणि दिवा जवळ ओढला. साडू खांदे उडवून गेला.

मग साखळीची पाळी आली. गोल कानशीनं एकेक दात त्यांनी असा लावला की शेवटच्या दातावर अंगठा फिरवला आणि अंगठ्यातून रक्त आलं. त्यांना मनापासून आनंद झाला. पण भिंगातून बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. प्रत्येक दाताच्या पुढे एक बुटकं कुबड होतं, आणि दात त्या कुबडापेक्षा केसभर उंच होता. सगळ्या साखळीभर हेच. एक उंच, एक ठेंगणा, एक उंच, एक ठेंगणा. कवळीवाल्यांना ते बघवेना. अशी कवळी त्यांच्या हातून बाहेर पडली असती तर माणसाला भाकरीचा तुकडा चावता आला नसता! चावा समतोल हवा, सगळे दात एकाच वेळी टेकले पाहिजेत, हा त्यांच्या धंद्यातला पहिला आणि शेवटचा नियम होता.

त्यांनी काचेची तक्ती घेतली. तिच्यावर निळा कागद अंथरला. कवळीचा कुठला दात उंच लागतो ते बघायला हाच कागद वापरतात. जिथे निळा ठिपका उठतो तिथे घासायचं. साखळी त्यांनी कागदावर दाबली. उंच दातांवर ठिपके उठले, कुबडं कोरी राहिली. कवळीवाल्यांनी कवळ्या घासायचं बारीक चाक फिरवलं आणि दातांचे माथे उतरवले. पुन्हा दाबलं, पुन्हा उतरवले. शेवटी दात आणि कुबडं, सगळ्यांवर सारखे निळे ठिपके आले. मग त्यांनी दातांना पुन्हा धार लावली आणि साखळी दिव्यासमोर धरून बराच वेळ बघत बसले. कारखान्यातून निघतानाही ती इतकी देखणी नसेल, असं त्यांना वाटलं. कारखानेवाल्यांविषयी त्यांचं मत तसंही बरं नव्हतं.

शनिवारी दुपारी अंगणात सगळे जमले. बोलावलं कुणालाच नव्हतं, पण साडू चहाचा कप घेऊन आला, धाकटी मेहुणी त्याच्या मागून आली, आणि बायको पायरीवर येऊन बसली. पत्र्यावर टेकलेली फांदी खोडापाशी छातीएवढ्या उंचीवर होती, शिडीही लागणार नव्हती. कवळीवाल्यांनी चष्मा पुसला, जाड हातमोजे चढवले आणि दोरी ओढली. करवत खोकली. पुन्हा ओढली. निळा धूर सोडून करवत अशी काही गर्जली, की साडूच्या कपातला चहा सांडला.

"अगंबाई, चालू झाली की!" मेहुणी ओरडली.

बायको हसली. ते हसू कवळीवाल्यांनी बघून घेतलं आणि करवत फांदीला लावली.

काही झालं नाही.

म्हणजे साखळी फिरत होती, आवाज होत होता, सालीचा भुगा उडाला, पण पुढे करवत लाकडावरून नुसती घसरत राहिली. कवळीवाल्यांनी जोर लावला. लाकडातून धूर यायला लागला. आणखी जोर लावला तर जळका वास सुटला. त्यांनी करवत बंद केली आणि वाकून बघितलं. फांदीवर करवतीच्या पात्याएवढी रुंद, उथळ खाच होती, तपकिरी आणि गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखी.

तसलं पॉलिश त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. ते रोज तेच करत. त्यांनी हातमोजा काढून साखळीवर बोट ठेवलं. दात, कुबड, दात, कुबड, सगळं एका पातळीत. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. कुबड आधी लाकडाला टेकतं. दात त्याच्यापेक्षा केसभर वर असला तर तेवढा केसभर छिलका काढतो. वर नसला तर कुबडावरून आरामात सरकत जातो. तो केसभर उंचवटा म्हणजेच करवत होती, आणि तो त्यांनी स्वतःच्या हातांनी, भिंगातून बघून बघून, घासून काढला होता.

"काय हो, साडूभाऊ?" साडू जवळ आला. "लाकूड शेकताय की कापताय?"

कवळीवाल्यांच्या तोंडून जे निघालं ते आयुष्यभराच्या सवयीनं निघालं. "करवतीला काय झालंय? लाकूड खराब आहे. दगड झालाय नुसता. झाडच आतून मेलंय."

साडूनं कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर दुकानातलं हसू आलं, गिऱ्हाईक स्वतःहून महागातल्या वस्तूकडे वळलं की येतं ते. "ऐकलंत ना, वहिनी? मी म्हणत होतो तेव्हा मी वाईट. आता घरचेच सांगतायत. झाड आतून मेलंय. मग ठेवायचं कशाला? उद्या पडायचं कुणाच्या तरी डोक्यावर."

"खरंच मेलंय?" बायकोनं विचारलं. तिनं साडूकडे बघितलं नाही. नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही बघितलंत ना नीट? तुम्ही म्हणत असाल तर मी काही बोलणार नाही."

वरच्या फांद्यांना हिरवीगार पानं होती. सगळ्यांना दिसत होती. पण बायको पानांकडे बघत नव्हती, ती त्यांच्या शब्दावर थांबली होती, आणि हेच कवळीवाल्यांना फार जड गेलं. तिनं भांडायला हवं होतं. खोटं बोलताय म्हणायला हवं होतं. तेवढ्यावर त्यांना चिडता आलं असतं, आणि चिडून आत जाऊन दार लावून घेता आलं असतं.

साडूनं खिशातून फोन काढला. "मग उद्या सकाळी लवकरच ये म्हणून सांगतो."

"थांबा," कवळीवाले म्हणाले.

"काय?"

"झाड चांगलं आहे." त्यांनी करवत जमिनीवर ठेवली. "साखळी बिघडलीये."

"आत्ता तर म्हणालात करवतीला काही झालं नाही."

"साखळी म्हणतोय मी, करवत नाही."

"बरं. साखळी कशानं बिघडली?"

कवळीवाल्यांनी साडूच्या टोकदार बुटांकडे बघितलं. जगात इतकी माणसं असताना हे ऐकायला नेमका हाच समोर असावा, ह्याला काय म्हणायचं! "मी बिघडवली. दात उतरवले. सगळे सारखे केले."

"सारखे केले?" साडूला आधी कळेना. त्यानं वाकून साखळी बघितली, आणि मग त्याच्या पोटातून जे हसू सुटलं ते सबंध अंगणात घुमलं. "अगं, इकडे ये, बघ! भाऊजींनी करवतीला कवळी बसवली! चावणारं जनावर घेऊन त्याला बोळकं करून टाकलं!"

"पुरे हो," मेहुणी म्हणाली, पण तिनंही ओढणी तोंडाशी धरली होती.

"ह्या मापाची साखळी असेल तुमच्या दुकानात?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

ऐकू आलं होतं. बायकोलाही कळत होतं की ऐकू आलं होतं. कवळीवाल्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, मोठ्यानं, शब्द न् शब्द सुटा करून. शेजारच्या गच्चीवर कपडे काढणारी बाई थांबून बघायला लागली.

साडूनं पात्यावरचा आकडा वाचला. दुकानात जाऊन साखळी घेऊन आला. ती बसवताना तो कवळीवाल्यांच्या खांद्याशी उभा राहिला आणि एकेका गोष्टीला म्हणाला, "दातांची तोंडं पुढे हं. ताण जास्त नको. हां, आता तेल. आणि साडूभाऊ, घासू नका बरं का, आहे तशी राहू द्या तिला." कवळीवाल्यांनी दातओठ खात सगळं ऐकून घेतलं. सगळं बरोबर होतं, ह्याचाच जास्त संताप होता.

करवत पुन्हा गर्जली, आणि ह्या वेळी लाकडात अशी शिरली की पांढरे, जाड छिलके बुटांवर येऊन पडले. पत्र्यावरची फांदी मोडून खाली आली. पाठोपाठ दुसरी. बायकोनं पायरीवरून उठून हातानंच खूण केली, छान. मग ती डहाळ्या ओढून एका बाजूला रचायला लागली. तिनं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले की घाम, ते कवळीवाल्यांना कळलं नाही.

काम झालं होतं. करवत बंद करायला हरकत नव्हती. पण साडू भिंतीशी जाऊन ठेकेदाराला फोन लावत होता. कवळीवाल्यांना तो दिसत होता. आधी नुसती मान हलली, येऊ नको म्हणून. तेवढ्यावर फोन संपायला हवा होता. मग साडू भिंतीला टेकला, मोकळा हात हवेत नाचवायला लागला, बोटांनी दात करून दाखवायला लागला, आणि हसताना त्याचं पोट हललं. कवळीवाल्यांनी पडलेली फांदी दगडावर घेतली आणि तिचे तुकडे पाडायला घेतले. आधी हातभर. मग वीतभर. करवतीच्या गर्जनेत साडूचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बायको काहीतरी ओरडत होती, हातानं पुरे, पुरे म्हणत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

साडूनं फोन खिशात टाकला. कवळीवाल्यांनी करवत बंद केली. कानात दडे बसले होते, त्यातून अंगण हळूहळू ऐकू यायला लागलं. चिमण्या. बायकोच्या चपलांचा आवाज.

"एवढे बारीक तुकडे कशाला हो केलेत?" ती विचारत होती.

तेवढ्यात साडूनं फोन पुन्हा बाहेर काढला, नंबर लावला आणि कानाला धरला. "हॅलो, अरे, आज काय झालं ऐक, आमचे साडूभाऊ..."

कवळीवाल्यांनी दोरी ओढली.