तांबडीचं मऊ अंडं

अंडं हातात घेतलं की ते अंड्यासारखं लागावं, एवढी तर माणसाची माफक अपेक्षा असते. पण त्या सकाळी बेकरीवाल्याने परसातल्या खुराड्यात हात घातला आणि "अरेच्चा!" म्हणत बाहेर काढला. त्याच्या तळहातावर काहीतरी लिबलिबीत डुलत होतं. कवचाचा पत्ता नाही! नुसता पातळ पापुद्रा, आणि आत हलणारा बलक.

"आजही तसंच?" बायकोने मागच्या दारातून विचारलं.

"आजही! या आठवड्यातलं चौथं. तुझी लाडकी तांबडी कामातून गेली बघ. रविवारी खाटकाकडे देऊन टाकतो तिला."

"नका हो असं करू. दोन वर्षं बिचारीने एक दिवसाआड तरी अंडं दिलंय. थकली असेल."

"थकायला काय झालं? बसून तर खाते!"

बसून खाते! मंडळी, हे वाक्य जरा लक्षात ठेवा. आपणही ते कुणाकुणाबद्दल किती सहज बोलून जातो!

आता या कोंबड्या खात काय होत्या, तेही ऐका. बेकरीत जे विकलं जाणार नाही ते सगळं त्यांचं. शिळा पाव, बिस्किटांचा चुरा, केकच्या करपलेल्या कडा. बेकरीवाल्याला त्याचा कोण अभिमान! "माझ्या कोंबड्या केक खातात केक," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. कोंबड्यांचं खास खाद्य एकदा आणलं होतं, पण पावाने पोट भरलेल्या कोंबड्यांनी त्याला चोच लावली नाही. "त्यांना पावच आवडतो," असा निकाल देऊन त्याने ते पोतं कोपऱ्यात टाकलं, ते तिथेच पडून होतं.

नेमकी त्याच आठवड्यात त्याची आत्या महिनाभर राहायला आली. जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होती ती. बैल असो नाहीतर माणूस, तिच्यापुढे आला की निमूट उभा राहायचा. पंचेचाळीस वर्षांच्या बेकरीवाल्याला ती अजून चारचौघांत "गुंड्या" म्हणायची, आणि तो "ओ" द्यायचा.

तांबडीला दिलेली शिक्षा तिच्या कानावर गेली. ती उठली, तांबडीला काखेत घेतलं, पंख उचलून पाहिले, पोटाखाली हात फिरवला, डोळे पाहिले. मग बेकरीत जाऊन भट्टीशेजारची टोपली पायाने पुढे ओढली.

"गुंड्या, यात काय आहे?"

"टरफलं आहेत, आत्या. केकसाठी रोज एवढी अंडी फुटतात. संध्याकाळी कचऱ्यात जातात."

आत्याने कपाळावर हात मारला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! अरे शहाण्या, अंड्याचं कवच ज्याचं बनतं तो चुना टोपलीभर कचऱ्यात टाकतोस, आणि जी कवच बनवते तिला चारतोस मैदा!"

"पण इतके दिवस तर चांगली देत होती की अंडी!"

"देत होती, पण कुठून देत होती? खाण्यातून नाही मिळालं, तर कोंबडी कवचासाठी स्वतःच्या हाडांतून काढून देते. तुला वाटतं, सगळं आलबेल आहे. हाडांतलं संपत आलं की मग असं मऊ अंडं येतं. ती आळशी नाही झाली रे, ती आतून रिकामी झालीय!"

बेकरीवाल्याने वाकून टोपलीतली टरफलं पाहिली. मागे केकवर क्रीम लावणाऱ्या बायकोचा हात क्षणभर थांबला.

"म्हातारपण असतं, उन्हाचा त्रास असतो, घाबरली तरी असं होतं, एखादा आजारही असतो," आत्या म्हणाली. "नाही असं नाही. पण आधी तिचं ताट बघायचं, मग तिच्यात खोट काढायची. मला पंधरा दिवस दे. तोवर सुरीचं नाव काढायचं नाही."

आत्याच्या शब्दापुढे जायची कुणाची छाती होती! पाव बंद झाला. कोपऱ्यातलं पोतं जुनं झालं म्हणून आत्याने ते फेकायला लावलं आणि ताजं खाद्य आणवलं. पहिले दोन दिवस तांबडी रुसून बसली, तिसऱ्या दिवशी मुकाट्याने टिपू लागली. टरफलं धुऊन भट्टीच्या उरलेल्या धगीवर खरपूस भाजायची आणि बारीक कुटायची, हे काम बेकरीवाल्याकडे आलं.

"अख्खी नको टाकूस," आत्याने बजावलं. "अंड्याची चटक लागली तर स्वतःचीच अंडी फोडून खातील. आणि हा चुरा खाद्यात कालवायचा नाही. वेगळ्या ताटलीत ठेवायचा, सदा भरलेला. जिला जेवढी गरज, तेवढं ती घेईल. फक्त ताटली रिकामी दिसता कामा नये."

चुना अंगी लागायला कोवळं ऊनही हवं, असं आत्या म्हणाली, म्हणून त्याने खुराडं सावलीतून काढून सकाळच्या उन्हात आणलं. आधी कुरकुरत, पण पुढे पुढे त्याला गोडी लागली. दिवसातून तीनदा जाऊन तो ताटली बघून यायचा. "तांबडीबाई, जेवलात का?" अशी चौकशीही व्हायची. बायको खिडकीतून बघायची आणि पुन्हा कामाला लागायची.

त्याच दिवसांत एकदा तिच्या हातून बनपावांचा अख्खा ट्रे खाली पडला. "अगं, लक्ष कुठे असतं तुझं?" तो ओरडला. ती मनगटाला रुमाल घट्ट बांधून खाली बसली आणि एकेक पाव गोळा करू लागली. आत्याने ते पाहिलं.

अंडी हळूहळू सुधारत गेली. आधी कागदासारखं पातळ कवच आलं, मग खडबडीत. तेराव्या दिवशी बेकरीवाला परसातून जवळजवळ नाचतच आला. त्याने अंडं हळूच टेबलावर टेकवलं. टक्!

"ऐकलंत? आवाज ऐकलात? दगड आहे दगड!"

तांबडी वाचली! सगळ्या घराला आनंद झाला. बेकरीवाल्याला तर आकाश ठेंगणं झालं. पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला त्याचं व्याख्यान सुरू. पोस्टमनला थांबवून तो म्हणाला, "साहेब, एक तत्त्व सांगतो. जी देते, तिच्या ताटात काय पडतं ते आधी बघावं!" पोस्टमनने मान डोलावली आणि पाव घेऊन तो सटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे न्याहारीला बसले. बायको उभ्यानेच वाढत होती. दुधाचं पातेलं फिरलं. सासऱ्यांना पेलाभर, कॉलेजात जाणाऱ्या लेकीला पेलाभर, नवऱ्याला मोठा पेला. उरलेलं आत्याच्या चहात. पातेलं रिकामं झालं. मग बायकोने ओट्याशी उभं राहून स्वतःसाठी कोरा चहा ओतला आणि डब्यातले तुटक्या बिस्किटांचे तुकडे काढले.

"गुंड्या, ती दूध का घेत नाही रे?" आत्याने सहज विचारलं.

"तिला आवडतच नाही," तो पेला तोंडाला लावत म्हणाला.

"तांबडीला पावच आवडतो, हेही तूच सांगत होतास ना?"

पेला तोंडापाशीच थांबला.

आत्या सुनेकडे वळली. "खरं सांग गं पोरी. आवडत नाही, की उरत नाही?"

"जाऊ द्या ना, आत्याबाई. सवय झालीय."

"मी सवय नाही विचारली."

परसातल्या कोंबड्यांची कुकुक् ऐकू आली. बायकोने कप खाली ठेवला.

"आवडतं," ती म्हणाली. "खूप आवडतं. माहेरी तर साईवरून मी भावाशी भांडायचे. इथे आले, माणसं मोजली, दूध मोजलं, आणि म्हटलं, आपण कोरा घेऊ. बावीस वर्षं झाली. कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही." मग ती जरा हसली. "पण आत्याबाई, तुम्ही मला कोंबडी म्हणालात हं!"

कुणीच हसलं नाही. बेकरीवाल्याला तो ट्रे आठवला, मनगटावरचा रुमाल आठवला. पहाटे चारला उठून मैदा मळणारे ते हात! आपण काय म्हणालो होतो? थकायला काय झालं? अरेरे! एका कोंबडीची ताटली तो दिवसातून तीनदा बघून येत होता, आणि घरातलं हे ताट त्याने बावीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं! त्याने आपला पेला तिच्यापुढे सरकवला.

"पी. माझं चुकलं गं. फार चुकलं."

"पी तर खरंच," आत्या कडाडली, "पण गुंड्या, एका पेल्याने बावीस वर्षं भरून निघत नाहीत! ताटली रोज भरलेली लागते. आणि आधी डॉक्टरांना दाखव तिला."

त्या दिवशी बेकरीचं शटर भर सकाळी खाली आलं. लग्न असो की आजारपण, आजवर असं कधी झालं नव्हतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हाडं विरळ व्हायला लागली होती. "वेळेवर आलात," ते म्हणाले. "औषध देतो, पण औषधाआधी जेवण. पोटभर, आणि बसून." बसून हा शब्द बेकरीवाल्याच्या काळजात रुतला.

तेव्हापासून त्या घरात दूध जास्त येतं, आणि पहिला पेला भरतो तो तिचा. पेला भरते लेक, आणि आई खुर्चीवर टेकेपर्यंत आजोबासुद्धा घास उचलत नाहीत. सुरुवातीला तिलाच अवघडल्यासारखं व्हायचं. "पुरे गं, बाकीच्यांना?" असं ती म्हणायची. लेक तिला दटावायची, "आई, तांबडी बघ कशी गुपचूप खाते!"

तेव्हा मंडळी, तुमच्या परसात कोंबडी असेल, तर टरफलं फेकू नका. आणि तुमच्या घरात एखादी बाई असेल, जी सगळ्यांना वाढते आणि "मला नाही आवडत" म्हणते, तर तिच्यावर विश्वास ठेवू नका! पातेलं उचला आणि तळाशी काय उरलंय ते स्वतः बघा. जी घराला देते ती कुठून देते, हे विचारणं म्हणजे उपकार नव्हेत, ते आपलं कर्तव्य आहे. ती मोडण्याची वाट कशाला बघायची?

आत्या परत निघाली त्या सकाळी बेकरीवाल्याच्या बायकोने स्वतः तांबडीचं ताजं अंडं आणून तिच्या हातात ठेवलं. मनगटावर रुमाल नव्हता. आत्याने नखाने अंड्यावर टिचकी मारली, मग सुनेचं मनगट हातात घेऊन हलकेच दाबून पाहिलं.

"दोन्ही बरी आहेत," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून चालू लागली.