वरून दिसलं पाहिजे

पाचवी गाडी इस्पितळाच्या आवारात शिरली, तसा दारावरच्या रखवालदाराने फोन उचलला. गाडीतून नेडकाका उतरला, त्याच्यामागून सुना, जावई, कडेवरची पोरं. लिमरिकहून, अॅथलोनहून, जिथं जिथं मोंगन कुळाची फिरती घरं तळ ठोकून होती तिथून माणसं निघाली होती. भटक्यांतलं कुणी आजारी पडलं की सगळं गणगोत जमतं. जवळ कुणी नसलं की समजायचं, घरच्यांनी आशा सोडली.

आजारी होता मायली, नोनीचा धाकटा भाऊ. पाय मोडला नव्हता की छातीत दुखत नव्हतं. घोड्यांवर जीव टाकणारा माणूस, पण हिवाळाभर त्यांच्याकडे फिरकला नव्हता. पडदे लावून आत पडून असायचा आणि आताशा म्हणू लागला होता, मी नसलो तर तुमचंच बरं होईल. नोनीचं तर कामच हे. इस्पितळाने दिलेलं ओळखपत्र गळ्यात घालून ती दोन वर्षं एकेका तळावर हिंडत होती, मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात लाज कसली, हे सांगून सांगून घसा कोरडा करत होती. लोक ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि तिची पाठ वळली की हसायचे. सख्ख्या भावाला इथवर आणायला तिला अख्खा हिवाळा लागला. आता त्याला इथं ठेवून घेतलंय, तो इथं टिकला की वाचला, असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात नर्स जिन्सी खाली आली. केरळची बाई, मायाळू. बिचारीने हात जोडायचंच बाकी ठेवलं होतं. आजाऱ्यामागे एकच माणूस असा नियम होता, आणि बाकीचे निघाले नाहीत तर रखवालदार पोलिसांना बोलावणार होता.

"आमच्याकडेही सगळं गावच येतं गं," ती म्हणाली. "पण माझ्या हातात काय आहे? तू त्यांचीही आहेस नि आमचीही. तूच समजाव त्यांना."

आमचीही, हा शब्द नोनीला गोड लागला. खोटं कशाला बोला, लागला. गळ्यातलं ओळखपत्र सरळ करून ती आवारात गेली.

नेडकाका म्हणाला, आम्ही आवाज करत नाही, गाड्यांतच बसतो, आम्ही आहोत एवढं पोराला कळलं म्हणजे झालं. आई तर जागची हलेचना.

"आजारी पोराला टाकून जाऊ? तो काय म्हणेल?"

"आई, पोलीस आले तर तो बिथरेल, निघून जाईल. चांगल्या हातांत आहे तो. माझं ऐक."

आईने तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. "तू म्हणतेस म्हणून हं," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. एकामागून एक गाड्या मुकाट्याने वळल्या आणि निघून गेल्या. रखवालदाराने नोनीकडे बघून मान डोलावली.

वर मायली खिडकीशी उभा होता.

"गेले सगळे?"

मीच घालवलं, हे सांगायला नोनीची जीभ रेटेना. पोलिसांचं नाव काढलं तर तोही उठून चालू लागला असता.

"थकले होते रे," ती म्हणाली. "सकाळपासून धावपळ."

मायलीने पडदा ओढून घेतला. "थकणारच. मीच थकवलं सगळ्यांना."

हे तो इतक्या शांतपणे बोलला की तिला वाटलं, चला, निवला पोरगा.

सकाळी त्याने डॉक्टरांना आपण ठणठणीत असल्याचं सांगितलं. दाढी केली होती, हसत होता. दुपारी त्याला घरी सोडलं. आठवडा उलटायच्या आत मोंगनांच्या गाड्या पुन्हा जमल्या, या खेपेला कबरस्तानाच्या फाटकाशी, आणि तिथं त्यांना कुणी अडवलं नाही.

रीतीप्रमाणे त्याचं फिरतं घर जाळलं. आई नोनीला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती, झिंज्या उपटल्या असत्या, तर परवडलं असतं. थकले होते, असं आपण त्याला सांगितलं, हे नोनीने कुणालाच सांगितलं नाही.

इस्पितळाला मात्र जाग आली. बैठक झाली, नोनीला बोलावलं, तिने सांगितलं ते साहेबांनी ऐकून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात इमारतीच्या मागच्या अंगाला नातेवाइकांची खोली झाली. खुर्च्या आल्या, चहाची किटली आली, भिंतीवर कितीतरी भाषांत स्वागत लिहिलं. साहेबांनी भाषणात नोनीचे आभार मानले, टाळ्या पडल्या. त्या टाळ्या तिला ऐकवल्या नाहीत.

ऑक्टोबरात भटक्यांतल्याच स्टोक्सांची तरुण पोरगी वर दाखल झाली. तिचीही माणसं झाडून सगळी आली आणि नव्या खोलीत शहाण्यासारखी चहा घेत बसली. नोनी मुलीला बघायला वर गेली, तर पोर खिडकीशी उभी, डोळे आवारात. आवार रिकामं होतं. तुझी माणसं खालीच आहेत, असं नोनीने सांगितलं. पोरीने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं.

नोनी तशीच खाली आली.

"उठा," ती म्हाताऱ्या स्टोक्सला म्हणाली. "खुर्च्या उचला आणि पुढे आवारात चला."

"पाऊस आहे गं बाहेर. आणि खोली तर आमच्यासाठीच केलीय म्हणे."

"खोली मागे आहे. तिला वरून दिसलं पाहिजे. आमच्या मायलीला कुणी दिसलं नव्हतं."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मायली मोंगनचं नाव सगळ्या तळांवर ठाऊक होतं. त्याने खुर्ची उचलली.

रखवालदार धावत आला, आवारात बसायचं नाही म्हणाला. नोनीने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "नियम मी मोडलाय. वर तसंच सांग." तो ते हातात धरून उभाच राहिला.

भुरभुर पावसात माणसं ओळीने बसली, तोंडं वर करून. बऱ्याच वेळाने वरच्या काचेवर एक तळहात टेकला. खाली कुणीतरी हुंदका दिला.

एक खुर्ची उरली होती. म्हाताऱ्याने ती नोनीकडे सरकवली, बस म्हणाला. ती बसली नाही. खुर्चीच्या ओल्या पाठीवर हात ठेवून ती मायली उभा होता त्या पलीकडच्या खिडकीकडे बघत राहिली. तिथं आता दुसराच कुणीतरी होता आणि पडदा ओढलेला होता.