नानाची बाजू

दहा दिवसांत मगन एका जागी घटकाभर बसला असेल तर शपथ. शेतात गेला की घराकडे ओढ, घरी आला की फाट्याकडे. रात्री कूस बदलून बदलून गोधडीचा पार चोळामोळा व्हायचा. आज नानाचा दहावा उरकला, माणसं आपापल्या वाटेनं गेली, तरी हा भावाच्या अंगणात चकरा मारत होता.

नाना म्हणजे त्याचा थोरला भाऊ जीवराम. पारोळ्याच्या अलीकडे, गावच्या फाट्यावर, सकाळी साडेनऊला नानाच्या मोपेडची आणि मेघा नावाच्या शिक्षिकेच्या स्कूटीची समोरासमोर धडक झाली. नाना दवाखान्याच्या वाटेतच गेला. मेघा धुळ्याला दवाखान्यात पायाला प्लास्टर घालून पडली होती आणि तिला त्या सकाळचं काहीएक आठवत नव्हतं.

मगनला मात्र सगळं आठवत होतं. दुखणं होतं ते हेच.

फाट्यापासून नानाचं शेत उजव्या हाताला, जेमतेम दोन शेतं सोडून. एवढ्याशासाठी रस्ता ओलांडून डावीकडे जायचं आणि पुन्हा ओलांडून यायचं, हा उपद्व्याप गावात कुणीच करत नाही. अख्खं गाव उजव्या कडेनंच गाडी हाकतं. नानाही त्या दिवशी तसाच आला, आणि समोरून ती पोरगी आपल्या योग्य बाजूनं येत होती. मगन बांधावर उभा होता. त्यानं डोळ्यांनी पाहिलं.

फाट्यावरच्या चौघांनी नानाला टेम्पोत घातलं, पोरीला रिक्षात. मगनला म्हणाले, तू घरी सांगून मागून ये. माणसं गेली आणि मगन रस्त्यावर एकटा उरला. रिकाम्या हातांना काम लागतं. त्यानं दोन्ही गाड्या ओढत पलीकडच्या कडेला लिंबाखाली नेल्या, नाहीतर एखाद्या ट्रकनं चिरडल्या असत्या. कुणाचं चाक फुटू नये म्हणून काचा डहाळीनं झाडल्या. भावाच्या रक्तावर कुणाचा पाय पडू नये म्हणून दोन टोपल्या माती आणून टाकली. गावातल्या कुठल्याही भल्या माणसानं हेच केलं असतं. मग तो घराकडे धावला.

तो गेला आणि नकाशा गाडी आली.

ही गाडी आणायला मगननंच सगळ्यांत जास्त घसा कोरडा केला होता. पूर्वी अपघात झाला की हवालदार फीत आणि खडू घेऊन यायचा, अर्धा दिवस रस्ता बंद. मगनचा कापसाचा टेम्पो एकदा पाच तास तापत उभा राहिला. तेव्हा निवेदनावर पहिली सही त्याची होती. पुढे जिल्हा नियोजनाच्या निधीतून पोलिसांना ही गाडी मिळाली. तीन पायांवर उभं राहणारं एक यंत्र गरागरा मान फिरवतं आणि पाव तासात रस्त्याचा बोटाबोटाचा नकाशा तयार. त्या दिवशी मगननं गावात पेढे वाटले होते. जुना हवालदार फितीचं टोक धरायला गावातल्या माणसाला हाक मारायचा, चहा प्यायचा, आणि चहा पिता पिता दहा प्रश्न विचारायचा. यंत्र कुठला चहा पितं!

अठरा मिनिटांत रस्ता मोकळा झाला. काल अहवालही आला. दोन्ही वाहनं मयताच्या डाव्या बाजूस, सबब स्कूटीचालक विरुद्ध बाजूस आल्याचं दिसतं. नानाच्या मरणाचा गुन्हा मेघावर. नानाचा पोरगा कुंदन यानं तो कागद घरात मोठ्यानं वाचला आणि मांडीवर थाप मारली, "आते तिले सोडाव नही!"

मगन पेचात पडला. बोलावं, तर मेलेल्या भावाला दोषी धरायचं. शिवाय पोलीस विचारणार, गाड्यांना हात लावायला तुला कोणी सांगितलं होतं? न बोलावं, तर परक्याची पोर विनाकारण कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार. आपण भित्रे आहोत हे त्याला या दहा दिवसांत चांगलंच कळून चुकलं होतं.

तेवढ्यात दारात एक माणूस आला. पन्नाशीचा, धुळीनं भरलेला. "मी प्रेमराज. देवपूरहून आलो. मेघाचा बाप."

कुंदन ताडकन उठला. पण प्रेमराज त्याच्याकडे न बघता पुढे झाला आणि ओटीवर बसलेल्या लताबाईंसमोर, नानाच्या बायकोसमोर, त्यानं जमिनीला कपाळ टेकलं.

"अक्का, माझ्या पोरीच्या हातून तुमचा धनी गेला. कोर्टात व्हायचं ते होईल. पण तिला तळतळाट देऊ नका. रात्र रात्र रडते हो ती."

मगनला ते बघवेना. लाजेनं त्याचा जीव नकोसा झाला.

"उठा भाऊ," तो म्हणाला. "तुमनी पोर बरोबर बाजूनीच व्हती."

"काका, काय बोली राह्यनात?" कुंदन ओरडला. "रिपोर्टमा लिखेल शे!"

"गाड्या मी वढ्यात. काचा मी झाड्यात. नानाना रगतवर माती बी मीच टाकी. मशीन मांगून उनं." मगनचा आवाज फुटत होता. "नाना उलट बाजूनी येत व्हता."

कुंदननं त्याची गचांडी धरली. मगननं हात वर केले नाहीत.

"सोड त्यासले," लताबाई म्हणाल्या.

दहा दिवसांत त्यांनी तोंड उघडलेलं हे पहिलंच. कुंदनचे हात आपोआप सुटले. लताबाईंनी प्रेमराजला उठायला लावलं, सुनेला पाणी आणायला सांगितलं. मग कुंदनला म्हणाल्या, "गाडी काढ. काकाले ठेसनले लई जा. जे व्हयनं ते सांगू दे."

कुंदन पाय आपटत बाहेर गेला. मगन वहिनीसमोर खाली मान घालून उभा राहिला. त्या रागावतील, शिव्या देतील, पुन्हा दारात उभं करणार नाहीत, सगळ्याची त्यानं तयारी केली होती. लताबाई त्याच्याकडे बघतही नव्हत्या.

"वीस वरीस सांगं मी त्यासले, उलट बाजूनी जाऊ नका," त्या हळूच म्हणाल्या. "काल कुंदननी कागद वाचा ना, तवय माले वाटं, त्या दिनले तरी मन्हं आयकं त्यास्नी."