बेचाळीस शब्द

"चौदा?" चाचणीबाईंनी कागद उलटा करून पाहिला, जणू खरा आकडा मागच्या बाजूला लिहिलेला असावा. "अहो, चौदा कसे येतील? गेल्या महिन्यात या पोरीनं बेचाळीस शब्द वाचलेत."

"मी दोनदा मोजले, ताई," बाहेरून आलेली परीक्षक म्हणाली. पंचविशीतली होती, घड्याळ मनगटावर न बांधता समोर टेबलावर ठेवायची. "प्रत्येक शब्दानंतर थांबत होती. माझ्या तोंडाकडे बघत होती."

"घाबरली असेल. तुम्ही एवढ्या गंभीर बसलात तर मीसुद्धा थांबले असते."

परीक्षक हसली नाही. "नियमात आहे तसं. फरक दहाच्या वर असेल तर ओळखीच्या बाईंनी पुन्हा घ्यायची, रेकॉर्डिंगसकट. मग तोच आकडा धरायचा. तुम्ही घ्या. मी खाली दोन मुलांचं गणित तपासून येते."

चाचणीबाई हे नाव मुलांनी ठेवलं होतं आणि ते अठरा वर्षं टिकलं होतं. व्हरांड्याच्या टोकाला, पूर्वी खडू-फळ्यांचं सामान ठेवायच्या खोलीत, त्यांचा विशेष वर्ग भरायचा. वाचनात मागे पडलेली अकरा मुलं रोज तासभर तिथे येत. महिन्यातून एकदा प्रत्येकाने न पाहिलेला उतारा एक मिनिट वाचायचा. बरोबर शब्द मोजायचे, आलेखाच्या कागदावर ठिपका द्यायचा. ठिपके चढत असले तर पुढचं पुस्तक, अडले तर शिकवण्याची रीत बदलायची. एखाद्या शिक्षकाने "मला वाटतं, सुधारतोय" म्हटलं की बाई म्हणत, "वाटण्याचं राहू द्या. ठिपका दाखवा."

गोटी पाचवीत होती. जन्मली तेव्हा गोलमटोल होती म्हणून गोटी. आता नुसती हाडं. दोन वर्षांपूर्वी तिचा पहिला ठिपका अकरावर पडला होता. चाळीस ओलांडले आणि त्यावर बाहेरच्या परीक्षकाची सही झाली की विशेष तास बंद, दिवसभर आपल्या वर्गात. तिची आई तेवढ्या एका आकड्यासाठी थांबली होती.

"परत?" गोटी दारातूनच म्हणाली. "मघाशी झाली की!"

"मघाशी रंगीत तालीम होती. बस."

"त्या बाई बोलतच नाहीत. भिंतीसारख्या बसतात."

"भिंतीला नावं ठेवू नये. चल, वाच."

बाईंनी फोन उताऱ्याशेजारी ठेवला. मिनिट संपलं तेव्हा कागदावर त्रेचाळीस शब्द होते. गोटीने स्वतःच वाकून आकडा पाहिला आणि बाकावरून उडी मारली. परीक्षक परत आली, आकडा पाहिला, "ओळखीचं माणूस लागतं काही मुलांना," म्हणाली आणि सही करून दुसऱ्या शाळेला निघून गेली. बाईंची सही तेवढी राहिली.

जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डिंग ऐकून चुकलेले शब्द पडताळायचे होते. बाईंनी डबा उघडून बाजूला ठेवला, पेन्सिल घेतली.

"सकाळी," गोटीचा आवाज आला. त्यामागून बाईंचा: "हं." "आजी." "हं." "वहिनी..." इथे काहीच नाही. "विहिरी..." "हं."

बाईंनी फोन थांबवला. मग पहिल्यापासून लावला.

प्रत्येक बरोबर शब्दामागे त्यांचा "हं" होता. जिभेचा नव्हे, घशातला. त्या असं करतात हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी भांडण काढलं असतं. शब्द चुकला की "हं" येत नव्हता, आणि गोटी लगेच दुसरा शब्द टाकून बघत होती, तिसरा टाकत होती, "हं" येईपर्यंत. तीन सेकंदांत मुलाने स्वतः दुरुस्त केलं तर शब्द बरोबर धरायचा, असा नियमच होता. त्रेचाळिसांपैकी सव्वीस शब्द असे आले होते. गोटी पहिलं अक्षर बघत होती आणि उरलेला शब्द बाईंच्या घशातून काढून घेत होती. फसवत नव्हती. तिला वाचणं म्हणजे हेच वाटत असणार.

त्या ठिपक्यांच्या भरवशावर बाईंनी दीड वर्षापूर्वी तिचा वेलांटी-उकाराचा सराव बंद केला होता. दुसरीचं पुस्तक काढून तिसरीचं दिलं होतं, मग चौथीचं.

भिंतीलगतच्या कपाटात अठरा वर्षांच्या फायली होत्या. दीडशेच्या आसपास मुलं. त्यांतली कितीतरी शाळा सोडून कामाला लागली असतील. बाई कपाटापर्यंत गेल्या, कडीवर हात ठेवला आणि परत येऊन बसल्या. डबा तसाच राहिला.

मुख्याध्यापकांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, बाहेरच्या परीक्षकाची सही झालीय. पोरगी खूश, आई खूश. आता कशाला उकरून काढता? वर्गात जाईल, हळूहळू निभावेल."

"सर, तिला दुसरीचं पुस्तक येत नाही. पाचवीच्या वर्गात दिवसभर बसून ती काय निभावणार?"

"मग दोन वर्षं तुम्ही काय..." सर थांबले. वाक्य पुरं करायची गरज नव्हती.

चार वाजता आई आली. कपडे दुरुस्तीच्या दुकानातून थेट आली होती. बाहीला निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटले होते आणि गळपट्टीत दोन टाचण्या विसरून राहिल्या होत्या. हातात मिठाईचा पुडा होता.

"झाली ना पास? मी दुकानात सगळ्यांना सांगून आले. तिच्या आत्यालाही फोन केला. ती म्हणायची, ही पोरगी मंदच राहणार. म्हटलं, ये आता ऐकायला."

बाईंनी फोन मध्ये ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. दहा-बारा शब्दांनंतर आईच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यात कुणी उरलं नाही.

"हे मधे मधे कोण करतंय?"

"मी."

"म्हणजे तुम्ही सांगत होतात तिला?"

"मला कळत नव्हतं. पण हो. सांगतच होते."

आईने पुडा मांडीवर घेतला. "तुमच्या आकड्यांवर मी तिला घरी रागवायची हो. शाळेत बेचाळीस वाचतेस आणि घरी दुकानाची पाटी वाचता येत नाही? नाटकं करतेस? एकदा हातही उचलला." आवाज चढला नाही. "ती म्हणायची, आई, शाळेत येतं गं, इथे येत नाही. मी म्हणायची, खोटं बोलू नकोस."

बाईंनी आपल्या सहीची जागा मोकळी असलेला कागद पुढे केला, त्यावर त्रेचाळीस खोडून पुन्हा चौदाचा आकडा लिहिला होता. "तास बंद होणार नाही. पुन्हा पहिल्यापासून धरावं लागेल. आणि यापुढे चाचणी मी घेणार नाही, दुसरं कुणीतरी घेईल. अकराही मुलांची."

"आणि तिला कोण सांगणार? तुम्ही की मी?"

"मी सांगते."

"नको," आई उठत म्हणाली. "तुमच्याकडून ऐकलं तर तिला वाटेल तिचंच चुकलं. मी सांगते." पुडा तिने पिशवीत घातला. दारात वळून म्हणाली, "उद्या तासाला पाठवते."

संध्याकाळी नवरा पाण्याच्या बिलाबद्दल काहीतरी तावातावाने सांगत होता. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाला तरी त्याचं खातं सुटलं नव्हतं. मध्येच तो थांबला. "आज गप्पशी? एरवी हं हं करतेस."

"नेहमी करते?"

"पंचवीस वर्षं. मला वाटायचं मी फार बरोबर बोलतो."

बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गोटी वेळेवर आली. डोळे सुजलेले होते. बाईंनी दुसरीचं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं, मोठ्या अक्षरांचं, मुखपृष्ठावर फुगे घेतलेला हत्ती. गोटीने पुस्तकाकडे पाहिलं, मग व्हरांड्यातून जाणाऱ्या आपल्या वर्गातल्या मुलींकडे.

"थांबा जरा," ती म्हणाली.

तिने दप्तरातून वर्तमानपत्राचं पान काढलं. घरूनच कापून, मापाने दुमडून आणलं होतं. हत्ती झाकला गेला. कडा नखाने दाबून तिने पुस्तकाला नीट कव्हर घातलं, वर कोपऱ्यात स्वतःच्या हाताने 'पाचवी' असं लिहिलं, वेलांटी उलटी काढून. मग पहिलं पान उघडलं.