टेपच्या जागची सुपारी

रायपूर राजधानी झालं आणि माणसांना जुन्या वस्तूंची लाज वाटू लागली. ब्राह्मणपाऱ्यातल्या पद्मिनीबाईंच्या घरातूनही जाडजूड टीव्ही गेला, मिक्सर गेला, चालता कूलर गेला. बाईंनी हात लावू दिला नाही तो फक्त टेपरेकॉर्डरला. त्यांच्या आईनं म्हटलेली भुलाबाईची गाणी त्यात होती. कॅसेट आतच अडकलेली, ओढली तर फीत तुटणार.

त्यांचा एकुलता एक मुलगा शिशिर म्हणाला, समता कॉलनीत गोपाल म्हणून मेकॅनिक आहे, त्याला दाखवतो. बाईंनी टेप मऊ लुगड्यात गुंडाळून स्वतः त्याच्या हाती दिला.

मग सुरू झालं आज-उद्या. पार्ट नागपूरहून यायचाय, गोपाल गावी गेलाय. खंडेनवमीला घरातली यंत्रं पुजायची बाईंची रीत. टेप घरी नाही म्हणून त्याच्या जागी त्या दरवर्षी सुपारी मांडत, गैरहजर माणसाच्या नावानं मांडतात तशी.

यंदा नवरात्रात त्या दवाखान्यासाठी समता कॉलनीत गेल्या, तशा दुकानातही डोकावल्या. गोपालनं असला टेप कधी पाहिलाच नव्हता. घरी येऊन त्यांनी सुनेला खोदून विचारलं. निवेदितानं खाली मान घालून सांगितलं, टेप त्याच दिवशी नव्या टीव्हीच्या एक्स्चेंजमध्ये गेला. असलं सामान बीरगावला भंगारात नेऊन फोडतात म्हणे.

आईचा आवाज गेला, आणि पोटच्या पोरानं केसानं गळा कापला. त्या रडल्या, पण शिशिरला काही बोलल्या नाहीत. आपलं पोर आहे, पूजेला बसल्यावर तरी खरं सांगेल, ही वेडी आशा होती. सांगितलं असतं तर त्यांनी माफही केलं असतं.

खंडेनवमीला त्यांनी लॅपटॉप, मोबाइल, इस्त्री मांडली. शेजारी सुपारी. शिशिर न्हाऊन आला. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, सुपारीलाही. हात जोडले, डोळे मिटले.

"आई, पार्ट आ गया है। इस महीने पक्का मिल जाएगा।"

"तो तर कवाचाच फुटला, बीरगावात," बाई म्हणाल्या. "तुले माहीत होतं. अन् तू हात जोडून राहिला."

निदान सुपारी तरी उचलावी म्हणून शिशिरनं हात पुढं केला.

"राहू दे तिले," बाई म्हणाल्या. "आता ती तुह्या नावाची."