अंगठ्याखालच्या रेघा

…धागा तर आहे. नोट उजेडात धरली की आतून वरपासून खालपर्यंत गेलेली काळसर रेघ दिसते, शेजारी पाणछापेचा फिकट चेहरा — पण चेहऱ्याला नाक नाही, नुसता डाग, आणि धाग्यावरची बारीक अक्षरं भिंगाखाली फिसकटलेली. खोटी. हे त्याला डोळ्यांनी कळलं. अंगठ्याला काहीच कळलं नव्हतं.

सव्वीस वर्षं बँकेच्या याच खिडकीत. खऱ्या नोटेवर काही ठिकाणी छपाई किंचित उठून येते. त्या रेघांवरून अंगठा फिरला की यंत्राच्या आधी तो सांगायचा, आणि बाकीचे कौतुकाने त्याला अंगठेबहाद्दर म्हणायचे. सहा महिन्यांपूर्वी बोटांची टोकं बधिर होऊ लागली — साखरेमुळे, डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येईलच असं नाही. परवा तो कढत पेला हातात धरून निवांत बसला होता, बायको म्हणाली, "अहो, भाजतंय ना…" तेव्हा त्याने हसण्यावारी नेलं. इथे सांगायचं कसं? खिडकी काढून घेतील, मागे फायलींपाशी बसवतील. मग मी कोण?

"सोमवारी तुमच्याकडूनच घेतली हो," खिडकीपलीकडच्या शिवणवाल्या बाई म्हणाल्या. "दुकानदाराने परत केली. म्हटलं, तुमच्या हातून गेलेली खोटी कशी असेल?"

त्याला आठवत होतं. सोमवारचं बंडल त्यानेच तपासलं होतं, यंत्राला न लावता, नेहमीच्या ऐटीत. नियम साधा होता: शिक्का मारायचा, नोट ठेवून घ्यायची, पावती द्यायची, बदल्यात काही नाही. खिशातून द्यावी, तर का दिली म्हणून विचारतील… त्याने शिक्का मारला.

"इथली नसेल बाई. दुसरीकडे कुठेतरी बदलली असेल."

बोलून गेल्यावर त्याला स्वतःची किळस आली. बाईंनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. पण त्या उलट ओशाळल्या.

"असेल. माझंच लक्ष नसेल."

मग त्यांनी पिशवीतून आणखी दोन नोटा काढून आत सरकवल्या. "एवढ्या बघता? उजेडात नका धरू — त्या दुकानदाराने तशीच धरली, सगळे माझ्याकडे बघत होते. तुमच्या अंगठ्याला कळतं."

त्याने अंगठा फिरवला. डावीकडून उजवीकडे, पुन्हा एकदा, जोर देऊन… काच पुसावी तसं. काहीच नाही.

"खऱ्या आहेत," तो म्हणाला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. आभार मानून त्या वळल्या, पुढच्या माणसाने आपलं बंडल सरकवलं, आणि रांगेतल्या कुणीतरी आत्ता आपल्याला पकडावं, असं त्याला फार, फार वाटलं.